पगार कोणत्या नावाने देता?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, हे चळवळीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. काळ्या गुलामांच्या बेड्या तोडण्यासाठी त्या देशाने आपल्याच घरात चार वर्षे युद्ध केले, त्याची ती पोच होती. पुण्यात बसून जोतीरावांना जे दिसले ते आमच्याकडच्या भल्याभल्या विद्वानांना विलायतेला जाऊनही दिसले नाही. परंतु त्या युद्धाची एक बाजू आमच्या सभा-संमेलनांतून फारशी सांगितली जात नाही. ज्यांच्या मुक्तीसाठी हे युद्ध झाले असे म्हणतात, ते काळे लोक स्वतः हातात बंदूक घेऊन त्यात लढले. उत्तरेकडच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक होते. आणि ज्या सरकारसाठी ते लढले, त्याच सरकारने त्यांचा पगार कापला. शिपायाचा कापला, सार्जंटचा कापला आणि सैन्यातल्या एका काळ्या अधिकाऱ्याचाही कापला. त्या अधिकाऱ्याने सरकारशी भांडण मांडले. ते भांडण कशासाठी होते आणि कसे चालले, ते आज आम्हाला वाचकांपुढे ठेवायचे आहे.

त्याचे नाव सॅम्युएल हॅरिसन. जन्म १८१८ सालचा, फिलाडेल्फियातला, गुलाम आईच्या पोटचा. लहानपणीच मायलेकरांची गुलामीतून सुटका झाली. पोरगा जोडे शिवायला शिकला, पुढे शाळा शिकला आणि १८५० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड गावी काळ्यांच्या चर्चमध्ये पाद्री झाला. जोडे शिवणारा हात धर्मग्रंथ उघडतो याचे ज्यांना नवल वाटते त्यांना वाटू द्या. संत रोहिदासांना मानणाऱ्या देशात ते वाटायचे कारण नाही. १८६३ च्या सप्टेंबरात राज्याचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू याने हॅरिसनला ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा चॅप्लेन, म्हणजे धर्मोपदेशक नेमले. हे पद अधिकाऱ्यांच्या पंक्तीतले. नेमणुकीचा रीतसर हुकूम, अंगावर अधिकाऱ्याचा पोशाख, आणि पगार कायद्याने ठरलेला: महिना १०० डॉलर आणि रोजचे दोन शिधे.

हॅरिसन नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर, मॉरिस बेटावर पलटणीत रुजू झाला. मेलेल्यांना पुरणे, जखमींच्या उशाशी बसणे, निरक्षर सैनिकांच्या घरी पत्र लिहून देणे, हे पलटणीतल्या धर्मोपदेशकाचे काम. पुढे त्याने पगार मागितला तेव्हा पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला सांगितले की तुला महिना १० डॉलर मिळतील. कारण? कारण तू आफ्रिकी वंशाचा आहेस. गोरा चॅप्लेन असता तर शंभर, काळा म्हणून दहा.

हे त्या पेमास्टरच्या मनचे नव्हते. त्याच्यापाशी कायद्याचा कागद होता. १७ जुलै १८६२ या दिवशी अमेरिकेच्या काँग्रेसने एक मिलिशिया कायदा केला. त्या वेळी सरकारच्या डोक्यात काळा माणूस सैनिक म्हणून नव्हताच. खंदक खणायला, छावणीत स्वयंपाक करायला, खेचरे हाकायला माणसे हवी होती. मालकाच्या मळ्यावरून पळून आलेले गुलाम छावणीच्या दाराशी उभे होते. त्यांना कामाला घ्या, महिना १० डॉलर द्या आणि त्यातले ३ डॉलर कपड्यांपोटी कापा, असे त्या कायद्याने ठरवले. गंमत अशी की अगदी त्याच दिवशी, त्याच काँग्रेसने दुसरा एक कायदा करून चॅप्लेनचा पगार १०० डॉलर ठरवला होता. शंभर डॉलरचा कायदा आणि दहा डॉलरचा कायदा, दोन्ही एकाच तारखेचे! हॅरिसनला कोणता कायदा लावायचा, तो चॅप्लेन आहे म्हणून पहिला की तो काळा आहे म्हणून दुसरा, एवढाच प्रश्न होता. सरकारने दुसरा लावला. हुद्दा बाजूला ठेवला आणि कातडी पाहिली. आमच्या वाचकांना ही रीत नवी नाही.

आता पलटणीची हकिकत सांगितली पाहिजे, कारण हॅरिसनचे भांडण त्याच्या एकट्याचे नव्हते. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि काळ्यांना सैन्यात घेण्याची वाट मोकळी झाली. गव्हर्नर अँड्र्यूने युद्धमंत्री स्टँटन याची परवानगी घेऊन ५४ वी पलटण उभारली. भरतीच्या वेळी शब्द दिला की गोऱ्या सैनिकाला जे मिळते ते तुम्हाला मिळेल. या शब्दावर फ्रेडरिक डग्लस गावोगाव भाषणे करीत फिरला आणि त्याने आपली दोन मुले पलटणीत घातली. आणि जून १८६३ मध्ये युद्धखात्याने हुकूम काढला की काळ्या सैनिकांचा पगार १८६२ च्या मिलिशिया कायद्याप्रमाणे धरावा. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता. काळ्याला १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ वजा, म्हणजे हातात ७. बढतीनेही त्यात फरक पडत नसे. गोऱ्या सार्जंट मेजरला २१ डॉलर होते, काळा सार्जंट मेजर झाला तरी तेच सात. डग्लसचा मुलगा लुईस हा सार्जंट मेजर होता. हुद्दा चढतो, दर चढत नाही!

पलटणीचा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ हा बोस्टनच्या धनिक घरातला पंचविशीतला गोरा तरुण. त्याने जुलैच्या आरंभीच गव्हर्नरला कळवले की एक तर या लोकांना ठरलेला पगार द्या, नाही तर पलटणीला नोकरीतून मोकळे करा. १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी हीच पलटण वॅग्नर किल्ल्यावर चालून गेली. सुमारे ६०० जण निघाले, त्यांतले अडीचशेहून अधिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. शॉ तटावरच पडला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या सैनिकांसोबत एकाच खड्ड्यात पुरले. यातून त्याची बेअब्रू होईल असे शत्रूला वाटले होते. शॉच्या बापाने सांगितले, माझा मुलगा तिथेच राहू द्या.

१९८९ साली आलेला 'ग्लोरी' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना पगाराच्या पावत्या फाडण्याचा प्रसंग आठवत असेल. चित्रपट वॅग्नरच्या खड्ड्यापाशी संपतो. पगाराचे भांडण तिथून पुढे चौदा महिने चालले. शौर्यावर चित्रपट निघतात, थकलेल्या पगारावर निघत नाहीत, याबद्दल निर्मात्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या चौदा महिन्यांत जे घडले ते आम्हाला वॅग्नरच्या हल्ल्याइतकेच मोठे वाटते.

वॅग्नरनंतर पेमास्टर आला तेव्हा पलटणीने पैसे घ्यायला नकार दिला. सात डॉलर नकोत, दहाही नकोत. पुन्हा आला, पुन्हा नकार. सप्टेंबरात जेम्स हेन्री गुडिंग नावाच्या कॉर्पोरलने थेट लिंकनला पत्र लिहिले. पूर्वी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर नोकरी केलेला हा माणूस. त्याचा प्रश्न साधा होता: आम्ही सैनिक आहोत की मजूर? मजूर असू तर तसे सांगा; सैनिक असू तर सैनिकाचा पगार द्या. मरताना आम्ही सैनिकासारखे मेलो, हे त्याने राष्ट्राध्यक्षाला आठवण करून दिले. गुडिंग पुढे लढाईत शत्रूच्या हाती सापडला आणि जुलै १८६४ मध्ये अँडरसनव्हिलच्या कैदखान्यात मेला.

लिंकनविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस त्याला भेटला आणि पगाराचा विषय काढला. लिंकनचे म्हणणे असे पडले की काळ्यांना सैन्यात घेणे हेच गोऱ्या जनतेला पचायला जड आहे, म्हणून तूर्त कमी पगार ही तिच्यापुढे केलेली एक तडजोड आहे. पुढे सारखा पगार मिळेल. लिंकन वाईट माणूस नव्हता. डग्लस त्याला भेटून आला तेव्हा त्याच्याविषयी आदर घेऊन आला. तरीही विचारावेसे वाटते की गोऱ्यांच्या पूर्वग्रहाची किंमत काळ्या शिपायाच्या सात डॉलरांतून का वसूल करायची? 'तूर्त', 'अजून वेळ आलेली नाही', 'समाजाची मानसिकता तयार होऊ द्या', ही भाषा आमच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहे. मानसिकता तयार होईपर्यंतचा खर्च नेहमी एकाच बाजूने सोसायचा असतो.

मग नोव्हेंबर १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने एक चांगला ठराव केला. केंद्र सरकार पूर्ण पगार देत नाही ना, मग फरकाची रक्कम राज्य भरून देईल. पैसे मंजूर झाले, राज्याची माणसे रक्कम घेऊन पलटणीपर्यंत आली. हेतू शुद्ध होता, पैसे खरे होते. आणि सैनिकांनी तेही नाकारले!

इथे थांबून विचार केला पाहिजे. या माणसांना महिनोन्‌महिने पैसा मिळालेला नव्हता. घरी बायका-पोरांचे हाल चालले होते, त्याची पत्रे छावणीत येत होती. आम्ही कचेरीत खुर्चीवर बसून त्यांच्या बाण्याचे गोडवे गाणे सोपे आहे. ज्या घरी चूल पेटत नव्हती तिथल्या बाईला तो बाणा कसा वाटला असेल हे कोणी विचारले नाही. तरीही त्यांचे म्हणणे समजून घ्यायला हवे. आम्ही अमेरिकेच्या सरकारचे सैनिक आहोत. पगार त्या सरकारने द्यायचा, आणि सैनिक म्हणून द्यायचा. राज्याने दयाबुद्धीने फरक भरून दिला आणि आम्ही तो घेतला, तर केंद्र सरकारच्या वहीत आमचे नाव कायमचे मजूर म्हणून राहील. तीन डॉलर कोठून तरी मिळतील, सैनिक हे नाव मात्र सरकारकडूनच मिळायला हवे.

हे वाचताना आम्हाला १९२८ सालचे मुंबई कायदेमंडळ आठवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वर्षी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदार हा सरकारचा नोकर. रात्री-अपरात्री सरकारी टपाल तो नेणार, साहेबाच्या घोड्यापुढे तो धावणार, तो घरी नसला तर त्याच्या घरातल्या माणसाने जायचे. आणि पगार? एक जमिनीचा तुकडा, आणि बाकी गावाने द्यायचे बलुते. काम सरकारचे आणि मोबदला गावाच्या मर्जीवर. मर्जी फिरली की बलुते बंद. बाबासाहेबांची मागणी अशी होती की बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवा, ती सरकारने सारा वसूल करताना वसूल करावी आणि सरकारने आपल्या हाताने महाराला द्यावी. खळ्यावर पदर पसरून मिळालेले दाणे आणि सरकारी तिजोरीतून मिळालेला रोख पगार यांत त्यांना जो फरक दिसत होता, तोच मॉरिस बेटावरच्या काळ्या सैनिकांना दिसला होता. दाणे कदाचित पोटाला पुरतीलही, पण दाणे घेणारा बलुतेदार आणि पगार घेणारा नोकर. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

वतन गेले, पण युक्ती गेली नाही. घरोघर फिरून गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या, करोनाच्या साथीत दारोदार गेलेल्या आशांना सरकारी कागदात 'स्वयंसेविका' म्हणतात. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, 'मानधन' आहे. हा 'मान' घालून दिलेला शब्द कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला असेल तो निघो. या सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. मुंबईचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना महापालिका आपली माणसे मानायला तयार नव्हती, ती म्हणे ठेकेदाराची माणसे. हे कंत्राट नुसता देखावा आहे असे औद्योगिक न्यायाधिकरणाने ठरवले आणि २,७०० कामगारांना कायम करण्याचा तो निवाडा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. कचरा उचलणाऱ्या त्या कामगारांत जास्त भरणा कोणत्या समाजांचा, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

परत हॅरिसनकडे येऊ. त्याची प्रकृती ढासळली आणि मार्च १८६४ मध्ये त्याने नोकरी सोडली. पण दहा डॉलर त्याने घेतले नाहीत. त्याने आपले गाऱ्हाणे गव्हर्नरकडे नेले, आणि गव्हर्नर अँड्र्यूने २४ मार्चला ते थेट लिंकनपुढे ठेवले. अँड्र्यूने हा एक माणूस मुद्दाम पुढे केला असे आम्हाला वाटते. शिपायांच्या बाबतीत मिलिशिया कायद्याचा ओढूनताणून अर्थ लावता येत होता. पण चॅप्लेनचे काय? त्याचा पगार स्वतंत्र कायद्याने ठरलेला, त्याची नेमणूक रीतसर. खंदक खणायला ठेवलेल्या मजुराचा कायदा धर्मोपदेशकाला कसा लावणार? सरकारची बाजू जिथे सगळ्यात पोकळ होती, तिथेच अँड्र्यूने बोट ठेवले. लिंकनने प्रकरण ॲटर्नी जनरल एडवर्ड बेट्स याच्या मतासाठी पाठवले.

हा बेट्स कोण होता तेही पाहा. तो मिसुरीचा, म्हणजे गुलामगिरीच्या मुलखातला. पूर्वी त्याच्या स्वतःच्या पदरी गुलाम होते. मुक्त झालेल्या काळ्यांनी अमेरिका सोडून दुसऱ्या कोठल्या तरी देशात जाऊन वस्ती करावी, या मताचा. काळ्यांचा कैवारी म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हते. पण तो कायदा वाचणारा माणूस होता. जन्माने स्वतंत्र असलेला काळा माणूस अमेरिकेचा नागरिक ठरतो, असे मत त्याने १८६२ सालीच दिले होते. २३ एप्रिल १८६४ रोजी त्याने लेखी मत दिले: काळ्या माणसाला चॅप्लेन नेमायला कोणताही कायदा आडवा येत नाही, हॅरिसनची नेमणूक कायदेशीर आहे, मिलिशिया कायदा त्याला लागू होत नाही, त्याला इतर कोणत्याही चॅप्लेनइतकाच पूर्ण पगार मिळाला पाहिजे. आणि एवढ्यावर न थांबता त्याने राष्ट्राध्यक्षाला हेही सांगितले की कायद्यांची नीट अंमलबजावणी होते की नाही हे पाहणे तुमचे घटनात्मक कर्तव्य आहे, तेव्हा पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्यांना हे कळवण्याचा हुकूम युद्धमंत्र्याला द्या.

आमच्या चळवळीत कित्येकदा अशी तक्रार ऐकू येते की खुर्चीवर आपला माणूस नाही, मग न्याय कसा मिळणार? आपला माणूस खुर्चीवर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण बेट्स हॅरिसनचा माणूस नव्हता. त्याच्या मनात काळ्यांविषयी प्रेम होते असे कोणी म्हणणार नाही. कायद्यातले कलम त्याच्यापुढे अशा रीतीने मांडले गेले की त्याला दुसरे काही लिहिताच येईना. म्हणूनच बाबासाहेबांनी माणसांच्या सद्बुद्धीवर विसंबून न राहता संविधानात एकेक कलम घालून घेतले.

मात्र मत मिळाले म्हणून पैसे मिळाले असे झाले नाही. सरकार कोणतेही असो, निर्णय आणि रोकड यांच्यामध्ये त्याच्या कचेऱ्यांची लांबच लांब ओसरी असते. लिंकन लगेच हलला नाही. अँड्र्यूने मे महिन्यात पुन्हा पत्र लिहिले. शेवटी १५ जून १८६४ रोजी काँग्रेसने कायदा केला: सर्व काळ्या सैनिकांना १ जानेवारी १८६४ पासून गोऱ्यांइतका पगार. पण त्या आधीच्या काळाचे काय? तिथे काँग्रेसने नवी फट ठेवली. १९ एप्रिल १८६१ रोजी, म्हणजे युद्ध पेटले त्या सुमाराला जो स्वतंत्र होता, त्यालाच भरतीच्या दिवसापासूनचा फरक मिळणार. जो त्या दिवशी गुलाम होता त्याला नाही! एकाच खंदकात उभे असलेले दोन काळे सैनिक, दोघांच्या अंगावर एकच पोशाख. एकाला मागची थकबाकी मिळेल, दुसऱ्याला मिळणार नाही, कारण तो पूर्वी गुलाम होता. ज्याच्यावर आधी अन्याय झाला त्याच्यावर त्याच अन्यायाच्या आधाराने पुन्हा अन्याय करायचा, ही कारागिरी आमच्याकडच्या मनूलाही शोभली असती.

५४ व्या पलटणीत जन्माने स्वतंत्र असलेले पुष्कळ होते, पण मालकाकडून पळून आलेलेही होते. त्यांनी शपथेवर काय सांगायचे? शॉच्या मागून आलेला कर्नल एडवर्ड हॅलोवेल हा क्वेकर घरातला. त्याने शपथेचे शब्द असे बेतले की त्या तारखेला मी कोणाही माणसाचे फुकटच्या श्रमाचे देणे लागत नव्हतो, एवढेच सैनिकाने सांगायचे. गुलाम मालकाचे देणे कोणत्या कायद्याने लागतो? माणसाने केलेल्या कायद्याने लागत असेल. माणुसकीच्या कायद्याने नाही. तेव्हा मळ्यावरून पळालेल्या सैनिकानेही हात वर करून ही शपथ घेतली आणि ती खोटी नव्हती. पलटणीत तिला 'क्वेकर शपथ' म्हणू लागले. काही जणांना ही पळवाट वाटते. आम्हाला ती पळवाट वाटत नाही. सरकारने जो प्रश्न लबाडीने विचारला होता, त्याला दिलेले ते अगदी सरळ उत्तर होते.

१८६४ च्या सप्टेंबरअखेर ५४ व्या पलटणीला पगार मिळाला. पूर्ण, भरतीच्या दिवसापासूनचा. एका पलटणीची थकबाकी चुकती करायला सुमारे १ लाख ७० हजार डॉलर लागले. दीड वर्ष एक पैसा न घेता लढलेले ते लोक. त्या वर्षी फेब्रुवारीत फ्लॉरिडातल्या ओलस्टीच्या लढाईत ते पुढे सरसावले तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा आणि महिना सात डॉलरचा जयजयकार करीत गेले, असे सांगतात. सरकारची अशी टिंगल गोळ्यांच्या पावसात करायला छाती लागते.

याच ओलस्टीला जखमी झालेला स्टीफन स्वेल्स नावाचा सार्जंट. गव्हर्नरने मार्च १८६४ मध्ये त्याला लेफ्टनंट नेमले. युद्धखात्याने ती नेमणूक अडवून धरली, कारण तो आफ्रिकी वंशाचा. त्याला अधिकारी म्हणून मान्यता मिळायला १७ जानेवारी १८६५ उजाडला. हा माणूस पुढे दक्षिण कॅरोलिनाच्या सिनेटमध्ये निवडून गेला. हॅरिसनला अधिकारी मानून पगार नाकारला आणि स्वेल्सला अधिकारीच मानले नाही. एकाच दुकानातला हा माल.

राहता राहिले दक्षिणेतले, काल-परवापर्यंत गुलाम असलेले सैनिक. त्यांच्यामागे मॅसॅच्युसेट्ससारखे राज्य नव्हते, बोस्टनची वर्तमानपत्रे नव्हती. तिसऱ्या दक्षिण कॅरोलिना पलटणीत विल्यम वॉकर नावाचा सार्जंट होता. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्याने आपली कंपनी कर्नलच्या तंबूपुढे नेली, सगळ्यांनी बंदुका तिथे रचून ठेवल्या आणि सांगितले की सात डॉलरवर आम्ही सैनिक म्हणून राहणार नाही. सरकारने करार मोडला, म्हणून आम्ही मोकळे, असा त्यांचा हिशेब. कर्नलने याला बंड म्हटले. कोर्ट मार्शल झाले. वॉकरने सांगितले की भरतीच्या वेळी आम्हाला इतरांइतकाच पगार कबूल केला होता. ऐकले कोणी नाही. २९ फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे त्याला गोळ्या घालून ठार केले. गव्हर्नर अँड्र्यूने पुढे लिंकनला याच माणसाविषयी सुनावले: या सरकारला वॉकरला सैनिक म्हणून पगार देण्यासाठी कायदा सापडला नाही, पण सैनिक म्हणून गोळी घालण्यासाठी मात्र सापडला.

जून १८६४ च्या कायद्याने या गुलामीतून आलेल्या सैनिकांना मागची थकबाकी दिली नव्हती. पहिल्या दक्षिण कॅरोलिना पलटणीचा गोरा कर्नल थॉमस हिगिन्सन याने वर्तमानपत्रांत पत्रांमागून पत्रे लिहून हा प्रश्न पेटता ठेवला. त्याच्या पलटणीला १८६२ साली खुद्द युद्धमंत्र्याने समान पगाराचा लेखी शब्द दिला होता. तो कागद तो काँग्रेसच्या तोंडासमोर धरीत राहिला. ज्या पलटणींना भरतीच्या वेळी असा शब्द दिला होता त्यांना पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार द्यावा, असा कायदा शेवटी ३ मार्च १८६५ रोजी झाला. विल्यम वॉकरला मातीत घालून तेव्हा एक वर्ष उलटून गेले होते.